ऑइलचा लाल दिवा लागला? डिपस्टिक बघून लगेच खूश होऊ नका

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात गाडीला खालून दगड लागला, ठण्ण करून आवाज आला आणि मी आपला "लागला असेल कुठेतरी" म्हणत तसाच पुढे. घाट संपला, सरळ रस्ता मिळाला, जरा पाय दाबला तर डॅशबोर्डवर ते तेलाच्या कॅनचं लाल चित्र पेटलं. पाय काढला की विझलं. बाजूला घेऊन डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढली तर तेल वरच्या खुणेपर्यंत. ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणाला "सेन्सरच असतो हो, या चालवत". मी टो करून आणली आणि वाचलो. का ते पुढे येतंच.

आधी एवढं समजून घ्या की डिपस्टिक फक्त चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यात, तेल किती आहे ते सांगते, ते वर पोचतंय का नाही हे तिला माहीत नसतं. चेंबरच्या तळाशी एक जाळी असते, तिच्यातून ऑइल पंप तेल ओढतो, फिल्टरमधून क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगांना आणि वर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला पाठवतो. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, थर गेला की लोखंडावर लोखंड. आणि बहुतेक गाड्यांमध्ये प्रेशरचा काटा नसतोच, नुसता स्विच असतो, तो प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारपर्यंत पडल्यावर दिवा लावतो, म्हणजे जवळपास काहीच उरलेलं नसताना. त्यामुळे "पुढच्या पंपापर्यंत नेतो" वगैरे नाही. (काही गाड्यांत पिवळा कॅन असतो, तो लेव्हल कमी झाल्याचा. इथे गोष्ट लालची चाललीये.)

तर दिवा लागला की पहिलं काम म्हणजे पाय काढा, हॅझर्ड लावा, डावीकडे घ्या, गाडी पूर्ण थांबवा आणि मग इंजिन बंद करा. चालत्या गाडीत, त्यातून घाटात, इंजिन बंद करायचं नाही, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा होतो. थांबता थांबता कान द्या. वरून टिकटिक असा टपेटसारखा (व्हॉल्व्हच्या भागांचा) आवाज असेल तर अजून आशा आहे, खालून ठकठक येत असेल तर बेअरिंग वाजतंय, मग सेल्फ पुन्हा मारायचाच नाही, सरळ टो.

पाच-दहा मिनिटं थांबून सपाट जागेवर डिपस्टिक बघा. तेल कमी असेल तर गेलं कुठे ते शोधा: ड्रेन नट ढिला, चेंबरला चीर, नाहीतर फिल्टरपाशी गळती. नुकतंच ऑइल बदललं असेल तर आधी फिल्टरच बघा, जुन्या फिल्टरचा रबर वॉशर इंजिनलाच चिकटून राहतो आणि त्याच्यावर नवीन पिळला की थोडे दिवस बरं चालतं आणि मग एकदम सगळं तेल रस्त्यावर. उलट लेव्हल खुणेच्या वर गेलेली असेल आणि तेलाला पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल तर तेल पातळ झालंय, आणि कॉफीत दूध घातल्यासारखं दिसत असेल तर कूलंट शिरलंय, गॅस्केटचं काम निघणार.

लेव्हल बरोबर आहे आणि तरी दिवा, ही खरी डोक्याची केस. इथे मी एकच प्रश्न विचारतो, दिवा नेमका कधी लागतो? गरम झाल्यावर आयडलला (इंजिन चालू, पण पाय न दाबता) लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो, तर बेअरिंग झिजलीत, पंप थकलाय किंवा तेल फार पातळ आहे (कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलंय आणि कुणी त्याहून पातळ ०डब्ल्यू-१६ ओतलंय असंही होतं). आयडलला काही नाही पण पळवली की लागतो, तर पंपाला तेल ओढता येत नाहीये, म्हणजे जाळी. आणि दोन्हीकडे चालूच राहतो तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) नाहीतर नुसता स्विच. माझी केस यातली दुसरी होती हे आलंच लक्षात, आणि सेन्सर काही मी पाय किती दाबला ते बघून बिघडत नाही.

तरी स्विच आधी तपासायचा, कारण ते स्वस्त काम आहे आणि कधीकधी खरंच तोच निघतो. एका वायरचा साधा स्विच असेल तर चावी ऑन, इंजिन बंद, आणि स्विचची वायर काढा. दिवा विझायला पाहिजे. नाही विझला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलीये, इंजिनचा दोष नाही. कनेक्टरमध्ये तेल दिसलं तर स्विच आतून फुटलाय. पण वायर काढल्यावर दिवा विझला म्हणजे स्विच खराब असा अर्थ नाही हं, इथे भलेभले फसतात, इंजिन बंद असताना प्रेशर नसतंच, म्हणून वायर जोडलेली असताना दिवा लागलेलाच असायला हवा.

खरं उत्तर देतो तो गेज. स्विच काढून त्याच जागी बरोबर आट्यांचा अ‍ॅडॉप्टर लावून ० ते १० बारचा मेकॅनिकल गेज बसवायचा, चांगल्या गॅरेजमध्ये असतोच, नसेल तर दुसरं गॅरेज बघा. आता लगेच इंजिन चालू नका करू. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि दहा सेकंद नुसता सेल्फ मारा. काटा हलला तरच फ्यूज लावून स्टार्ट करायचं, ढिम्म राहिला तर तिथेच थांबा. गरम इंजिनला आयडलला १ बारच्या आसपास आणि ३००० ला ३-४ बार असा ढोबळ हिशोब धरा, पण नवीन गाड्यांचे पंप गरजेपुरतंच प्रेशर देतात त्यामुळे आपल्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. आकडे बरोबर आले आणि दिवा तरी लागतोय, मग खुशाल स्विच बदला.

प्रेशर खरंच नाही असं ठरलं की ऑइल उतरवा. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उन्हात धरा. चमकी दिसली तर लोहचुंबक फिरवा, चिकटली तर लोखंड, न चिकटणारी आणि तांब्याच्या रंगाची असली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतलं तांबं उघडं पडलंय, हाफ इंजिनची, म्हणजे इंजिन उघडून मोठ्या कामाची, तयारी ठेवा. चमकी नसेल तर चेंबर उतरवायचा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावा, हे मी ओरडून सांगतोय.

माझा चेंबर पत्र्याचा, त्यामुळे फुटला नव्हता, वाटीसारखा आत दबला होता. अॅल्युमिनियमचा असता तर तडकला असता. जाळी स्वच्छ होती. गॅरेजमधल्या वयस्कर मिस्त्रीकाकांनी डब्यातल्या कणकेची एक गोळी जाळीच्या तोंडाला चिकटवली, चेंबर चार बोल्टवर वर धरला, पुन्हा उतरवला. गोळीचा पापड. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, जिथे सात-आठ तरी असायला हवं. म्हणजे आयडलला लागेल तेवढं तेल फटीतून जात होतं, रेस दिली की पंप कोरडा. "सेन्सर म्हणे," एवढंच बोलले काका.

तुमच्या जाळीत वेगळं सापडेल. सर्व्हिस चुकवलेल्या गाडीत डांबरासारखा गाळ, आणि आधी चेंबर उघडलेला असेल तर सढळ हाताने फासलेल्या सिलिकॉनचे तुकडे. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो तिथे बेल्टचा चुरा. जाळीच्या नळीची ओ-रिंग तडकली असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो, ती बदला. हे सगळं ठीक निघालं तर रिलीफ व्हॉल्व्हची गोटी-स्प्रिंग काढून बघा, एखादा कीस अडकून तो उघडाच राहिलेला असतो, आणि मग शेवटी पंप.

चेंबर ठोकून सरळ करतात, मी नवीन घातला. पंप काढला असेल तर बसवताना त्यात तेल भरा, कोरडा पंप तेल उचलत नाही. नवीन फिल्टर, तेल, पुन्हा फ्यूज काढून दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ, मग स्टार्ट. आणि चेंबरला मार लागल्यावर गाडी चालवत राहिलात तर साध्या पॉलिसीत इंजिनचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. माझं नव्हतं.