ठाणे-नवी मुंबईतला छोटा वृद्धाश्रम पारखताना

घोडबंदर रोड असो वा खारघर, बंगल्यात किंवा दोन-तीन फ्लॅट जोडून चालवलेले छोटे वृद्धाश्रम बरेच दिसतात. पहिली भेट ठरवून घ्या, दुसरी न सांगता, रात्री आठनंतर. खरी परीक्षा रात्रीच होते. किती कर्मचारी जागे असतात, बेल वाजवल्यावर कोण किती वेळात येतं, ते स्वतः बघा. एकच मावशी दिवस-रात्र राबत असेल तर ती दमणार, आणि आजोबा लघवीला एकटे उठून पडणार.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे इथे शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने जखमा, होतात. कूस बदलल्याची नोंदवही मागा. सगळ्या वेळा एकाच पेनाने, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर सावध व्हा. औषधांचंही तसंच: प्रत्येकाचा वेगळा, नाव लिहिलेला डबा हवा आणि दिल्यावर सही.

बाथरूममध्ये कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा, त्याला जोर लावून बघा. दार बाहेर उघडणारं असावं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अडतं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, तेही पाहा.

जेवणाच्या वेळी थांबा. घास भरवताना आजींना बसतं केलंय ना? आडवं ठेवून भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

डिपॉझिट परतीची मुदत आणि डायपर, फिजिओथेरपीचा वेगळा खर्च करारात लिहून घ्या. तक्रारीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.