व्हीलचेअर जिन्यावरून आणि उतारावरून नेताना या चुका टाळा

बाबांना पॅरालिसिस होऊन आठ वर्षं झाली. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि घर दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे खुर्ची वर-खाली करणं आमच्याकडे नेहमीचंच. मदतीला येणारा प्रत्येक जण त्याच त्याच चुका करतो म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खुर्ची हाताला येईल तिथे धरणं. आर्मरेस्ट आणि फुटरेस्ट बऱ्याच खुर्च्यांना काढता येतात, म्हणजे ते उचलायसाठी नसतातच. एकदा लग्नाला निघालो होतो, उशीर झालेला, मामेभाऊ म्हणाला ताई तू फक्त मागून धर, पुढून मी घेतो, आणि त्याने दोन्ही आर्मरेस्ट धरून उचललं. चौथ्या पायरीवर उजवा आर्मरेस्ट सरळ निघून त्याच्या हातात आला, खुर्ची कलली आणि बाबांचा लुळा हात कठड्यावर आपटला. मी हँडल सोडलं नाही, खुर्ची अंगावर ओढून घेत तशीच मागच्या पायरीवर बसले, म्हणून सगळे खाली गेलो नाही. हात महिनाभर सुजलेला होता. तेव्हापासून पुढच्या छोट्या चाकांच्या वर जो फ्रेमचा उभा पाइप आहे त्याला मी लाल टेप गुंडाळलीय, पुढच्या माणसाने तिथेच धरायचं. बाबांचा तो हात ओढणीने मांडीवर बांधते, बेल्ट लावते, मगच निघायचं. मागच्या हँडलचे रबरी ग्रिपसुद्धा आधी पिळून बघा, सैल असतील तर ओढताना हातात येतात.

दुसरी चूक दिशेची. जिन्यावर चढताना काय आणि उतरताना काय, बसलेल्याचं तोंड खालच्या बाजूला. उतारावर बरोबर उलटं, तोंड कायम चढाच्या बाजूला. म्हणजे रॅम्प चढताना सरळ ढकलायचं आणि उतरताना आपण खालच्या बाजूला राहून खुर्ची मागे मागे घ्यायची, मधूनमधून मागे वळून बघत. लोक सरळ तोंडाने उतरवतात, मग छोटं चाक फरशीच्या फटीत अडकतं आणि माणूस पुढे फेकला जातो. खुर्चीचे ब्रेक उभी खुर्ची जागेवर ठेवायला असतात, चालत्या खुर्चीचा वेग कमी करायला नाहीत, हे तर दहादा सांगावं लागतं.

जिन्यावर जास्त ताकदीचा आणि सवयीचा माणूस मागे, म्हणजे वरच्या बाजूला, दुसरा खाली. खुर्ची मागच्या मोठ्या चाकांवर तोल साधेपर्यंत कलती करायची आणि चाक पायरीच्या कडेवरून एकेक पायरी गडगडवत न्यायचं, अधांतरी उचलायचं नाही. चौघांनी चार कोपऱ्यांना धरून "चला पटकन" करायचं मला अजिबात पटत नाही, आपल्याकडच्या अरुंद जिन्यात दोन माणसं शेजारी मावत नाहीत आणि एकाची पकड सुटली की सगळंच गेलं. एकट्याने तर नकोच. जिन्याच्या मधल्या सपाट चौकात आलं की ब्रेक लावून दम घ्या, ज्याला घाई आहे त्याला पुढे जाऊ द्या.

बाकी छोट्या गोष्टी. मागे उलटू नये म्हणून लावलेली जादा चाकं जिन्याआधी काढा किंवा वर फिरवा. हँडलला जड पिशवी अडकवून चढ चढू नका, खुर्ची मागे उलटते. चाकात हवा कमी असेल तर ब्रेक नीट धरत नाही. पावसात पॉलिशच्या फरशीचा रॅम्प ओला असेल तर मी सरळ नाही म्हणते.

आणि रॅम्प दिसला म्हणजे चालेल असं धरू नका. उंची आणि लांबीचं प्रमाण १:१२ लागतं, म्हणजे ६ इंची तीन पायऱ्यांना १८ फूट लांबी. आमच्या सोसायटीत तेवढ्याच उंचीला ६ फुटी रॅम्प बांधलाय, स्कूटर चढवायला ठीक, पण बाबांना मी तिथून एकटीने कधीच नेत नाही, वॉचमनकाकांना हाक मारते.

नवीन कोणी मदतीला आला की आधी मी त्यालाच खुर्चीत बसवते आणि दोन पायऱ्या उतरवते. खुर्ची मागे कलल्यावर पोटात गोळा येतो तो कळला की पुढच्या वेळी तो आपोआप "बाबा, आता पायरी आली" असं सांगत सांगत उतरवतो.