ऐकलेली शिकवण वचनाशी ताडून पाहताना

पापलेट घेताना कल्ला उचलून लाली बघणारी माणसे प्रवचनातले वाक्य मात्र तसेच पिशवीत टाकून घरी आणतात. शंका घेणे म्हणजे अविश्वास, अशी भीती त्यामागे असते. पण बिरुया गावच्या लोकांनी खुद्द प्रेषित पौलाचे बोलणे रोज शास्त्र उघडून पडताळले आणि बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात 17:11 मध्ये (अध्याय 17, वचन 11) त्यांची वाखाणणीच आहे.

आधी वही घ्या आणि शिकवण एका वाक्यात लिहा, जशी ऐकली तशीच. इथेच बहुतेकांचे चुकते. ‘देव भले करतो’ अशा सैल वाक्याला तपासणार काय? त्यात अट कोणती आणि वचन कोणते, हे दिसले पाहिजे. किनाऱ्यावरच्या गावांत चालेल असे उदाहरण घेऊ: ‘येशू होडीत असला की होडी बुडत नाही.’ अट स्पष्ट, आश्वासन स्पष्ट. हे ताडता येते.

आता आधार शोधा. उपदेशकाने वचन सांगितले नसेल तर विचारून घ्या. इथे तो मार्क 4:35-41, वादळ शांत केल्याचा प्रसंग. वचन सापडले की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचने वाचा, जमल्यास पूर्ण अध्याय. हा उतारा कुठे येऊन थांबतो ते पाहा: ‘हा आहे तरी कोण, की वारा आणि समुद्रही त्याचे ऐकतात?’ म्हणजे प्रश्न येशू कोण आहे हा आहे. होडीच्या विम्याबद्दल तिथे काही नाही.

मग उलट बाजूचे वचन मुद्दाम हुडका. ही पायरी गाळली तर आधीची मेहनत वाया जाते, कारण आपल्या बाजूची वचने कोणालाही सापडतात. प्रेषितांची कृत्ये 27 उघडा. देवाच्या कामासाठी निघालेला पौल ज्या गलबतात होता ते फुटले; त्यावरची 276 माणसे तेवढी वाचली. त्याआधीच्या काळात लिहिलेल्या त्याच्या 2 करिंथ या पत्रात, 11:25 मध्ये, तो सांगतो की आपले गलबत तीनदा फुटले आणि एक रात्र व एक दिवस आपण समुद्रात काढला. आणखी एक, 27:9-10 मध्ये हंगाम टळून गेला आहे, पुढे जाऊ नका, असे पौलच बजावतो. 1 जून ते 31 जुलै होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको.

शब्दही पारखायचा असतो. ‘सोसवणार नाही एवढे दुःख देव देत नाही’ हे सांत्वन मयताच्या घरी हमखास ऐकू येते. आधार 1 करिंथ 10:13. मराठीत तिथे ‘परीक्षा’ शब्द आहे आणि मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह, दोन्ही अर्थ येतात. संदर्भ मूर्तिपूजा, व्यभिचार आणि कुरकूर यांचा, म्हणजे पापाच्या मोहाचा. दुःखाबद्दल पौल स्वतः काय म्हणतो ते 2 करिंथ 1:8 मध्ये आहे: भार शक्तीपलीकडचा होता, जगण्याचीही आशा उरली नव्हती. अशा शब्दांसाठी किमान दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवा, उदाहरणार्थ बायबल सोसायटीचे आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे सुबोध बायबल. जिथे दोन भाषांतरांचे शब्द वेगळे पडतात तिथे थांबा, घाई करू नका.

वचन कोणाला लिहिले हेही विचारा. कॅलेंडरवरचे लाडके यिर्मया 29:11 बाबेलमध्ये बंदिवासात गेलेल्यांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. ऐकणाऱ्यांपैकी कित्येक तोवर हयात नसणार होते.

पैसा आणि आजार या दोन विषयांत जास्त कडक राहा. ‘दिलेले शंभरपट परत मिळते’ यासाठी मार्क 10:30 पुढे करतात. त्याच वचनात शंभरपटीबरोबर ‘छळणूक’ही आहे, ती सोयीस्करपणे गळते. ‘विश्वास असेल तर औषध कशाला’ असे कोणी म्हणाले तर 1 तीमथ्य 5:23 वाचा, पौलाने आपला शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे; 2 तीमथ्य 4:20 प्रमाणे पौलाचा सोबती त्रफिम मिलेत गावी आजारीच राहिला. यावरून देव बरे करत नाही असे ठरत नाही, मत्तय 8:16-17 आहेच. पण या शिकवणीवर विसंबून कोणीही इन्सुलिन बंद करू नये.

निकाल लिहिताना ‘बरोबर-चूक’ एवढेच दोन रकाने ठेवू नका. स्पष्ट लिहिलेले, लिहिलेले नाही पण विरोधातही नाही, आणि थेट विरोधात, असे तीन हवेत. नाताळच्या गोठ्यातले तीन राजे मधल्या रकान्यातले: मत्तय 2 मध्ये ना त्यांची संख्या आहे ना ते राजे, आणि बाळ घरात भेटते. म्हणून कोणी गोठा मोडायला जाऊ नये. वसईच्या कॅथलिक घरात प्रथा-परंपरेलाही शास्त्राबरोबर अधिकार असतो, तेव्हा ‘वचनात नाही’ एवढ्यावर तिथला वाद मिटत नाही. शिवाय बेनसिरा किंवा तोबित या पुस्तकांतले वचन दिले तर 66 पुस्तकांच्या प्रोटेस्टंट आवृत्तीत ते मिळणार नाही. कॅथलिक बायबल 73 पुस्तकांचे आहे. सापडले नाही म्हणजे समोरच्याने बनवून सांगितले, असे समजण्याआधी हातातली प्रत कोणती ते बघा.

वचन दिले म्हणजे शिकवण सिद्ध झाली असेही नाही. मत्तय 4:6 मध्ये सैतान स्तोत्र 91 मधलेच शब्द वापरतो, फक्त ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द वगळतो.

चूक सापडली तर फादर किंवा पाळकांना मंडळीसमोर अडवू नका. वही घेऊन घरी जा आणि म्हणा, ‘हा अध्याय आपण मिळून वाचूया का?’ अपुल्लो नावाच्या उपदेशकाची शिकवण अपुरी होती तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने त्याला बाजूला नेऊनच समजावले. प्रेषितांची कृत्ये 18:26.