लहान मुलांना घेऊन डोंगरात मुक्कामी ट्रेक: या चुका टाळा

मुक्कामी ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझा पाच वर्षांचा मुलगा वाटेतच बसला आणि "मी येणार नाही" म्हणाला. आम्ही समजावलं, आमिष दाखवलं, शेवटी आवाजही चढवला. वीस मिनिटांनी बूट काढला तेव्हा दिसलं, मोज्याला पडलेल्या चुणीखाली टाचेवर टपोरा फोड आला होता. तेव्हापासून आमचा एक नियम आहे: डोंगरात मूल हट्टाला पेटलं की आधी त्याचं अंग तपासायचं, समजूत नंतर काढायची. भूक, थंडी, दुखणं, झोप, विरळ हवेचा त्रास या सगळ्यांसाठी लहान मुलाकडे एकच भाषा असते, चिडचिड. खालच्या बहुतेक चुका ही भाषा उशिरा कळल्यामुळेच होतात.

दिवस मोठ्यांच्या चालीने आखणं

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेलं गणित आजही वापरात आहे: तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरना आणखी एक तास. या हिशोबाने १० किलोमीटरची आणि ६०० मीटर चढाची वाट तीन तासांत संपते. पण हे गणित धडधाकट मोठ्या माणसाचं आहे आणि त्यात थांबे धरलेले नाहीत. पाच वर्षांच्या मुलासोबत त्याच वाटेला आमचा अख्खा दिवस गेला आहे. मूल चालत नाही असं नाही, ते दगड उचलतं, मुंग्यांपाशी बसतं, धावतं आणि मग एकदम थकतं.

म्हणून अंतर आधी ठरवू नका, वेळ ठरवा. प्रत्यक्ष चालणं चार तासांच्या आत ठेवा. पहिला दिवस सगळ्यांत छोटा हवा. अंधार पडायच्या किमान तीन तास आधी तंबू लागलेला असावा, कारण थकलेलं मूल, अंधार आणि अर्धवट उभा तंबू हे तिन्ही एकत्र आले की मोठ्यांच्या हातूनही चुका होतात. दुपारनंतर विजा होणाऱ्या डोंगरात खिंड किंवा धार सकाळीच ओलांडायची. आणि निघण्याआधी नकाशावर प्रत्येक मुक्कामापासून खाली उतरण्याची सर्वांत जवळची वाट खूण करून ठेवा. ती वाट सापडत नसेल तर तो मार्ग अजून दोन-चार वर्षं थांबू शकतो.

थंडी स्वतःच्या अंगावरून जोखणं

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती करताना कळतच नाही. बाळाला पाठीवरच्या कॅरिअरमध्ये घेऊन चढणारा माणूस घामाघूम असतो. बाळ मात्र हालचाल न करता वाऱ्यात बसलेलं असतं, त्याचे पाय लोंबकळत असतात आणि पट्टा मांडीत रुतला तर रक्तप्रवाहही मंदावतो. त्यात लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त, म्हणून ऊबही लवकर निघून जाते. दर १००० मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, वारा वेगळाच.

हात-पाय गार लागले म्हणून लगेच घाबरू नका. मानेमागे आणि छातीवर हात ठेवून पाहा, तिथे अंग गार असेल तर थांबायचं. पाठीवरच्या बाळाला तासातून एकदा तरी खाली उतरवून पाय हलवू द्या. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत आणि ऊब शोषतात, त्यामुळे अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक कपडाच हवा. एक पूर्ण कोरडा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून ठेवा. तो फक्त झोपताना घालायचा, दिवसा कितीही मोह झाला तरी पिशवीतून काढायचा नाही.

मूल कुडकुडायला लागलं तर आधी ओले कपडे काढा, मग कोरडे घाला, टोपी घाला, मॅटवर स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. नीट शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड, कोमट काहीतरी पाजा. अंग गारच आहे पण कुडकुडणं थांबलं, मूल सुस्तावलं, बोलणं अडखळू लागलं, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, शरीर हरत चालल्याचं आहे. अशा वेळी हातपाय चोळू नका, आडवं ठेवा, अलगद हाताळा आणि मदत मागवा.

रात्रीही हाच घोळ होतो. पालक जाड स्लीपिंग बॅग घेतात आणि मॅटवर वजन वाचवतात, तर खरी ऊब खालच्या जमिनीत जाते. मोठ्यांच्या बॅगेत लहान मूल झोपवायचं असेल तर पायाकडची रिकामी जागा दोरीने बांधून टाका, नाहीतर ती पोकळी तापवण्यातच त्याची ऊब संपते. वर्षाखालच्या बाळाला मात्र आपल्या बॅगेत सोबत घेऊन झोपू नका, गुदमरण्याचा धोका असतो. आणि ऊब यावी म्हणून तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

"मुलांना उंची लागत नाही" असं मानणं

लागते, म्हणजे विरळ हवेचा त्रास होतो, मोठ्यांइतकाच. साधारण २५०० मीटरच्या वर कोणालाही त्रास होऊ शकतो आणि तंदुरुस्ती त्यापासून वाचवत नाही. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, हा मोठ्यांचा नियम आहे. मुलांसाठी त्याहूनही सावकाश जावं.

मोठं माणूस "डोकं दुखतंय" सांगतं. दोन-तीन वर्षांचं मूल खेळायचं बंद करतं, जेवत नाही, उलटी करतं, विनाकारण रडतं, रात्री झोपत नाही. हे सगळं थकव्यासारखंच दिसतं. म्हणून उंचीवर दुसरं कारण स्पष्ट सापडेपर्यंत ते उंचीचंच समजायचं आणि वर जायचं नाही. उलट्या थांबत नसतील, तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायला लागायचं. बोलता न येणाऱ्या बाळाला २५०० मीटरच्या वर मुक्कामाला नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओझ्याची अर्धी बेरीज

१४ किलोचं मूल आणि ३ किलोचं कॅरिअर मिळून १७ किलो झाले. म्हणजे बाकीचं सगळं सामान दुसऱ्याच्या पाठीवर. ही बेरीज सगळे करतात. चालणारं दुसरं मूल थकल्यावर त्याला कोण उचलणार, हे मात्र धरायचं राहून जातं. कॅरिअरवर लिहिलेली वजनाची कमाल मर्यादा मूल, सामान आणि काही वेळा कॅरिअर मिळून असते, ती नीट वाचा. निघण्याच्या महिनाभर आधीपासून तेवढंच ओझं घेऊन जिने चढा-उतरा, उतरण्याचा सराव जास्त करा. मुलाच्या सॅकमध्ये विंडचीटर, थोडं पाणी, खाऊ आणि शिट्टी पुरे. शाळकरी मुलालाही स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका.

भूक लागल्यावर खायला देणं

तोवर उशीर झालेला असतो. दर पाऊण तासाने दोन घास आणि दोन घोट, मागितलं नाही तरी. खाऊ घरी आधी खाऊन पाहिलेला असावा, डोंगरात नवी चव बहुतेक मुलं नाकारतात. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्या वापरत असाल तर क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीसाठी चार तास थांबावं लागतं, हे अनेकांना माहीत नसतं. जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा, अंदाजाने अर्धं नको.

मूल अडून बसलं तर

सॅक खाली ठेवा आणि या क्रमाने पाहा: खाणं-पाणी, ओलेपणा आणि थंडी, बूट-मोजे, शी-शू, झोप, डोकेदुखी. बूट काढूनच बघा, विचारून नाही. टाच लाल दिसली तर फोड यायची वाट न पाहता तिथेच टेप लावा. पाऊण तास थांबूनही मूल उठत नसेल तर आजचा मुक्काम जवळच्या सुरक्षित सपाटीवर.

हरवल्यावर काय करायचं हे न शिकवणं

पहिल्याच सकाळी शिकवा: आम्ही दिसलो नाही की जिथे आहेस तिथेच एखादं झाड किंवा मोठा दगड धरून थांबायचं, शिट्टी वाजवत राहायचं, अनोळखी माणसं नावाने हाक मारत आली तर लपायचं नाही, ओ द्यायची. आणि आपल्याला कोणी रागावणार नाही, हेही सांगा, कारण त्या भीतीनेच मुलं लपतात. रोज निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा एक फोटो काढा आणि एक त्याच्या बुटाच्या तळव्याचा. शोधणाऱ्यांना मातीत नेमका कोणता ठसा पाहायचा, ते त्यावरून कळतं.