गोगलगाय अन् पोटात पाय : रीफ टँकमधला बिनबोलावता पाहुणा कसा ओळखाल?

रात्री रीफ टँकचे, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचे, दिवे मालवले की मी तासभर थांबतो आणि टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळून काचेपाशी बसतो. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरात तोवर निजानीज झालेली असते. नवं कोरल किंवा लाईव्ह रॉक (जिवंत जीव वसलेला सागरी दगड) आणलंत, तर निदान तीन आठवडे तुम्हीही असं बसा. दगडाच्या भोकांतून आलेल्या बऱ्याचशा सागरी गोगलगायी दिवसा दिसतच नाहीत.

काही सरपटताना दिसलं तर लगेच चिमटा उचलू नका. आधी ती कशावर बसली आहे ते बघा आणि फोटो काढा. यांपैकी न्यूडिब्रँक या शंख नसलेल्या गोगलगायी खाण्याच्या बाबतीत फार हट्टी असतात. अनेक जाती जन्मभर एकाच प्रकारचं अन्न खातात, त्यामुळे जागेवरूनच अर्धी ओळख पटते.

रंगावर मात्र जाऊ नका. माझ्या हिरव्या झोआंच्या (झुपक्याने वाढणाऱ्या मऊ, फुलासारख्या जीवांच्या) झुपक्यात एक पॉलिप, म्हणजे एक ‘फूल’, चार दिवस मिटलेला होता. पाचव्या रात्री तो बोटभर पुढे सरकलेला दिसला! भिंगातून पाहिलं तर तो पॉलिप नव्हेच, न्यूडिब्रँक; पाठभर झालर आणि तीही झोआच्याच हिरव्या रंगाची, कारण खाल्लेल्या पॉलिपचा रंग तिच्या अंगात उतरतो. शेजारच्या पॉलिपच्या देठाशी पांढरट अंड्यांची वळी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, चकलीसारखी वेढे घेतलेली. झोआ खाणारीची याहून पक्की खूण नाही.

आता तुम्हाला सापडलेल्या गोगलगायीला ड्रॉपरने अलगद ओढून टँकच्याच पाण्याच्या पांढऱ्या वाटीत घ्या आणि पाठ बघा. मागच्या बाजूला नखाएवढा चपटा शंख असेल तर ती स्टोमॅटेला. ती शेवाळ खाते, तिला परत सोडा. घट्ट धरलं तर ती शेपटीचा तुकडा टाकून देते, म्हणून मऊ ब्रशच वापरा. पाठीवर ओळीने आठ पट्ट्या असतील तर तो कायटन, तोही निरुपद्रवी. डोक्यावर शिंगं नाहीत आणि अंग कागदासारखं पातळ, तर बहुधा ती गोगलगायच नाही, फ्लॅटवर्म आहे.

मागे फुलासारखा कल्ल्यांचा गुच्छ असलेल्या बहुतेक जाती स्पंज खातात. टँकमध्ये त्या उपाशी मरतात आणि काही विषारीही असतात, म्हणून बाहेर काढा. सशासारखे कान असलेली मोठी, तपकिरी-हिरवी ती सी हेअर. शेवाळ फस्त करते, पण डिवचलंत तर जांभळी शाई सोडते.

पांढरी, झालरवाली दिसली तर घोटाळा होतो. एप्टेशियावर (टँकमध्ये तणासारख्या माजणाऱ्या सी-ॲनिमोनवर) असेल तर ती बर्गिया, म्हणजे आपली मैत्रीण. मॉन्टिपोरा या कठीण कोरलच्या बुडाखाली असेल तर शत्रू. मॉन्टिपोराचं हे परदेशातल्या वाचकांसाठी, कारण आपल्याकडे कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. द्वारका-जामनगरच्या सहलीतून किनाऱ्यावरचा दगडही आणू नका.

झोआ खाणारी निघाली तर हातमोजे आणि चष्मा घालूनच झोआंना हात लावा. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. झोआंचा दगड कधीही उकळू नका. टँकच्याच तापमानाच्या आणि पीएचच्या आरओ पाण्यात झुपका दोन-तीन मिनिटं बुडवून हलवा आणि सिरिंजने फटींत पाण्याचा मारा करा. आजव्याचं नळाचं पाणी थेट चालणार नाही, त्यात क्लोरीन असतं.

अंडी मात्र अशा बुडवण्याने (डिपने) मरत नाहीत. जुन्या टूथब्रशने ती एकेक खरवडून काढा आणि झुपका वेगळ्या टाकीत ठेवा. नजरेतून सुटलेली अंडी फुटतातच, म्हणून दर पाच-सहा दिवसांनी हेच करा, निदान चार वेळा. दोनदा करून मी थांबलो होतो आणि पंधरवड्यात तीच झालर पुन्हा दिसली.