लिनक्सवर अँटीव्हायरस टाकायचा का? घरच्यासाठी हे पुरे

घरी उबंटू किंवा मिंट (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकलं की पहिला प्रश्न हाच, अँटीव्हायरस कुठला घेऊ? पैसे देऊन तर अजिबात घेऊ नका, त्यापेक्षा हे करा.

१. अपडेट आलं की लगेच मारा, 'नंतर बघू' नको. सगळ्यात जास्त फायदा ह्याचाच आहे.
२. फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणारी नको ती कनेक्शन अडवणारा, उबंटूत आधीपासून असतो पण बंद असतो. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची विंडो) 'sudo ufw enable' टाका, झालं.
३. सॉफ्टवेअर शक्यतो सॉफ्टवेअर सेंटरमधूनच घ्या. कुठूनतरी उचललेली सुडोवाली (sudo, म्हणजे पूर्ण अधिकाराने चालणारी) कमांड न समजता चिकटवू नका, खरा धोका तिथे आहे.

आता पेनड्राईव्ह. ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून आणलात की त्यात फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागतात, ते विंडोजचे व्हायरस, लिनक्सला सहसा काही करत नाहीत पण तोच पेनड्राईव्ह उद्या ऑफिसच्या किंवा ताईच्या विंडोज लॅपटॉपला लागतो ना, म्हणून क्लॅमएव्ही (ClamAV) हा फुकटचा अँटीव्हायरस टाकून ठेवा आणि फक्त पेनड्राईव्ह स्कॅन करा.

फक्त सापडलेल्या फाईल आपोआप डिलीट होतील असा ऑप्शन लावू नका, कधीकधी चांगली फाईलपण व्हायरस म्हणून दाखवतो.