मुलांची बढाई मोडायची असेल, तर या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरातील एका व्यायामशाळेत मी मुलांना मल्लखांब शिकवतो. "हा नुसत्या बढाया मारतो, तुम्हीच त्याला समजवा," अशी तक्रार घेऊन पालक वारंवार येतात आणि बहुतेक घरांत चुका त्याच असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे काम होण्याआधीच त्याचा गाजावाजा करणे, आणि तो मूल नव्हे, आईवडील करतात. एका वर्षी गणेशोत्सवातील प्रात्यक्षिकांत एका लहान मुलाचे नाव त्याच्या वडिलांनी आग्रहाने घालायला लावले. त्याची अढी, म्हणजे पायांनी खांबाला घालायची पकड, अजून पक्की नव्हती. मांड्यांची पकड सुटून तो खाली घसरत असे. तरीही 'चिरंजीव यंदा मल्लखांब करणार' असा निरोप नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, मुंबईहून आत्या आली आणि मुलगा सोबत्यांना "मी दसरंग करून दाखवणार" असे, म्हणजे अढीच्या पुढच्या प्रकाराचे, सांगत फिरू लागला. सरावाला मात्र तो येईनासा झाला, कारण कौतुक आधीच पदरात पडले होते. उत्सवाच्या दिवशी त्याने अढी घालण्याचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा घसरला आणि रडत मंडपामागे निघून गेला. वडिलांनी त्याच्यादेखत मला विचारले, "सर, खांबाला तेल जास्त झालं होतं का?" एरंडेल लावलेल्या त्याच खांबावर थोड्या वेळापूर्वी त्याच्याच वयाच्या मुली सहज चढल्या होत्या.

तेव्हापासून माझ्याकडे एक शिरस्ता आहे: नवी उडी आठवडाभर न घसरता जमेपर्यंत घरी तिचे नाव काढायचे नाही, जमली की आईला व्यायामशाळेत बोलवायचे आणि काही न सांगता ती करून दाखवायची. उन्हाळी शिबिरात पंधरा दिवसांत प्रमाणपत्र मागणाऱ्या पालकांना हे रुचत नाही. त्यांच्यासाठी मी शिरस्ता बदललेला नाही आणि बदलणारही नाही.

दुसरी चूक चारचौघांत पाणउतारा करण्याची. "मोठा आला शहाणा" हे ऐकून मूल नम्र होत नाही. ते मोठ्यांसमोर गप्प बसते आणि त्यांच्या पाठीमागे दुप्पट फुशारक्या मारते. मी आवाज न चढवता एवढेच म्हणतो, "चल, दाखव." नाही जमले, तर कुठपर्यंत जमते ते विचारतो आणि तिथूनच सराव सुरू करतो.

शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. सुविचार पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये. काम पुरे झाल्यावर मूल आनंदाने "मला जमलं!" म्हणाले, तर ती बढाई नव्हे, हातातला फोन बाजूला ठेवून ते पूर्ण ऐकावे.

थोरांच्या गोष्टी सांगताना केवळ त्यांचा गौरव सांगणे हीही चूकच आहे. बडोद्याचे क्रिकेटपटू विजय हजारे अबोल स्वभावाचे म्हणून ओळखले जात, एवढ्याने मुलाला काही कळत नाही. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली, त्यात हजाऱ्यांच्या २८८ होत्या, हे सांगावे आणि तेवढा वेळ खेळपट्टीवर उभे राहायला काय लागले असेल, हे मुलालाच विचारावे.

आणि आपलाच शब्द हवेत राहणे ही चूक तर घरोघरी होते. शुक्रवारी "रविवारी कमाटीबागेत जाऊ" म्हणायचे आणि रविवारी दुपारपर्यंत लोळत पडायचे, हे मूल नीट पाहत असते. खात्री नसेल, तर शुक्रवारी काहीच बोलू नये. रविवारी सकाळी त्याला चपला घालायला सांगावे आणि निघावे.